आजीवन वाटा

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. मान देऊन म्हणत, की नाव लक्षात ठेवायचा कंटाळा म्हणून, हे तिने कधी विचारलं नाही. या नोकरीआधी वीसेक वर्षं ती पाठ्यपुस्तकांच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. भूगोलातली नदी उलटी वाहत नाही ना, गणिताचं उत्तर मागच्या पानावर बरोबर छापलंय ना, हे बघण्यात तिच्या चष्म्याचा नंबर वाढत गेला. मग पुस्तकं पडद्यावर गेली, छापखान्याला कुलूप लागलं, आणि पन्नाशी ओलांडल्यावर ताई पुन्हा नोकरी शोधायला निघाली.

'भाषा-साहाय्यक हवेत' अशी जाहिरात होती. गालिच्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर मुलाखत झाली. घेणारा तिच्या मुलीच्या वयाचा. त्याने दोन उतारे सुधारायला दिले, ते बघून मान डोलावली आणि जरा अडखळत विचारलं, "विषयाची काही अडचण नाही ना?"

ताईला वाटलं, आयकर असेल नाहीतर औषधं. "विषय कुठलाही असो," ती म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ तेच असतात."

विषय काय आहे ते पहिल्या दिवशी दुपारी कळलं. प्रौढांसाठीच्या साइट, म्हणजे ज्यांचं नाव चारचौघांत घेत नाहीत त्या. कंपनी त्या बनवत नव्हती, त्यांना गिऱ्हाईक आणून देणाऱ्यांचा कारभार बघत होती. असे लोक गावोगाव घरी बसून आपापली छोटी साइट चालवतात, तिथे मोठ्या साइटचा दुवा देतात, आणि त्या दुव्यावरून जाऊन कुणी सभासद झाला की त्यांना दलाली मिळते. त्यांना अ‍ॅफिलिएट म्हणतात. थोडक्यात दलालच, पण एकमेकांचं तोंड कधी न बघितलेले.

त्या दिवशी ताई डबा न उघडताच घरी आली. उद्यापासून जायचं नाही असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा केला, पेपर वाचला, पेपरातल्या दोन चुका पेनने गोल केल्या, आणि मग घड्याळात पाहिलं तर नऊसुद्धा वाजले नव्हते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात होती. दिवसभर घरात बसून करायचं काय, याला उत्तर नव्हतं. ताईने चपला घातल्या.

पहिलं काम तिला आवडूनच गेलं. धंद्यातले शब्द काल आलेल्या माणसालाही समजतील असे मराठीत समजावून लिहायचे होते. ताईने पाठ्यपुस्तकाची सवय सोडली नाही. ट्रॅफिक म्हणजे दुकानावरून जाणारी वर्दळ. क्लिक म्हणजे पायरी चढणं. कन्व्हर्जन म्हणजे पायरी चढलेल्याने पाकीट काढणं. एकाही चित्राकडे न बघता हे सगळं करता येतं, हेही तिच्या लक्षात आलं. तिच्यासमोर नुसते आकडे, आलेख आणि शब्द यायचे. मुलीला तिने फोनवर सांगितलं, जाहिरात कंपनीत लागले आहे. मुलगी म्हणाली, "बरं झालं, तुझा वेळ जाईल."

शब्दांचं पान पुरं झाल्यावर तिला फोनवर बसवलं. छोट्या अ‍ॅफिलिएटांच्या शंका ऐकायच्या आणि उत्तरं द्यायची. कानावर हेडफोन, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चौकटीत बसवलेली करडी पार्टिशनं, समोर पडदा. मुलाखत घेणारा तो मुलगा आता तिचा वरिष्ठ होता. तो दर सोमवारी आणि मधूनमधूनही टार्गेटबद्दल बोलायचा, म्हणून सगळे त्याला पाठीमागे 'टार्गेट' म्हणत. त्यालाही ते माहीत होतं. फोन करणारे बहुतेक तावातावाने बोलायचे. माझी दलाली का अडकली, माझा क्लिक का धरला नाही. दिवसभर माणसांशी बोलूनही ताईला संध्याकाळी वाटायचं, आज कुणाशी बोलणंच झालं नाही.

अशातच एक दिवस फोन आला.

"नमस्कार. चर्न म्हणजे काय?" आवाज म्हातारा होता.

"साहेब, आधी आपला खाते क्रमांक सांगाल का?"

त्याने एकेक आकडा सावकाश वाचला. पडद्यावर खातं उघडलं. अ‍ॅफिलिएटचं टोपणनाव 'जिना'. खातं बरंच जुनं होतं. इतकी वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाला चर्न माहीत नसावं, हे ताईला जरा विचित्र वाटलं, पण शंका विचारणाऱ्याला शंका का आली असं विचारायचं नसतं.

"चर्न म्हणजे गळती," ती म्हणाली. "सभासद झालेले लोक सोडून जातात ना, ती."

"बरेच जातात?"

"निम्मे तर पहिल्या महिन्यातच जातात."

"इथे तसं दिसत नाही."

ताईने आलेख पाहिला. खरंच तसं नव्हतं. इतरांचे आलेख जिन्यावरून गडगडलेल्या बादलीसारखे खाली यायचे. याचा उतार अगदी हळू होता.

"तुमचे लोक टिकतात, साहेब," ती म्हणाली. "चांगलं आहे ते."

"असं होय," म्हातारा म्हणाला आणि आभार मानून त्याने फोन ठेवला. आभार मानले म्हणून ताईला तो लक्षात राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. आज शब्द होता रीबिल. ताईने सांगितलं, सभासदाच्या कार्डावरून दर महिन्याला पुन्हा पैसे वळते होतात, ते रीबिल. मग चार्जबॅक आला. माणूस बँकेला सांगतो, हा खर्च मी केलेलाच नाही, आणि बँक पैसे परत घेते.

"पण केलेला असतो ना त्याने?"

"बहुतेक वेळा केलेला असतो. बायकोने विचारलं की नाही म्हणतो."

म्हातारा हसला. ताईही हसली. पलीकडच्या पार्टिशनवरून कुणीतरी डोकावून पाहिलं, इतकं ते नवलाचं होतं.

असे त्याचे फोन येऊ लागले. रोज एक शब्द, तोही दुपारच्या चहानंतर, जेव्हा इतर फोन कमी असायचे. ताई 'साहेब'वरून 'काका'वर आली, आणि तो तिला 'बाई' म्हणू लागला. एकदा त्याने कुकी विचारली.

"कुकी म्हणजे खूण," ताई म्हणाली. "आपल्या दुव्यावरून माणूस गेला की त्याच्या संगणकावर आपली खूण राहते. महिनाभर. त्या महिन्यात तो कधीही सभासद झाला, तरी तुम्हीच आणलात असं धरतात."

"आणि महिन्यानंतर?"

"खूण पुसली जाते. मग तो कुणी आणलेला नसतो. आपला आपण आलेला असतो."

"काका, आहात ना?" तिने विचारलं.

"आहे. बाई, उद्या फोन करतो."

उद्या त्याने फोन केला आणि थेट विचारलं, "इथे वर लिहिलंय, आजीवन वाटा. हे आजीवन म्हणजे कोणाचं जीवन?"

हा शब्द ताईनेच बसवला होता. काही अ‍ॅफिलिएट एकरकमी दलाली घेतात, काही दर महिन्याच्या रकमेतला हिस्सा घेतात. दुसऱ्या प्रकाराला तिने 'आजीवन वाटा' असं छान नाव दिलं होतं आणि टार्गेटने त्याचं कौतुकही केलं होतं.

"सभासदाचं," ती म्हणाली. "म्हणजे त्याच्या सभासदत्वाचं. तो जोवर पैसे भरतोय तोवर वाटा मिळत राहतो."

"म्हणजे ज्याने आणला, तो असो नसो."

ताईने कळफलकावरचा हात काढून घेतला. "काका, हे खातं कुणाचं आहे?"

"मुलाचं होतं."

"हे फोन रेकॉर्ड होतात," ती हळूच म्हणाली.

"होऊ देत. मी काही चोरी करत नाही, बाई. मला फक्त समजून घ्यायचं होतं."

मग त्याने सांगितलं. तो जन्मभर लिफ्ट दुरुस्त करायचा. बायको लवकर गेली, एकुलता मुलगा शिकायला शहरात आला तो इथलाच झाला. जाहिरातीचं काम करतो म्हणायचा. वर्षातून दोनदा भेट, महिन्यातून दोनदा फोन. फोनवर तब्येत, हवा, जेवलास का. थंडीच्या सुरुवातीला एक दिवस शेजाऱ्याचा फोन आला. मुलगा खुर्चीतच गेला होता. हृदय थांबलं म्हणाले. चाळिशीही झाली नव्हती. म्हातारा खोली रिकामी करायला आला, आणि रिकामी करायची सोडून तिथेच राहिला.

"संगणक चालूच होता," तो म्हणाला. "बघू म्हटलं, काय काम करायचा. उघडलं तर ते. मी उठून पहिल्यांदा खिडकी लावून घेतली. जसं काही समोरच्या इमारतीतून कुणी बघतंय. मग ती साइट मी परत उघडली नाही. हे आकड्यांचं पान मात्र रोज बघतो. त्याचे शब्द आहेत ना इथे. तो दिवसभर हेच शब्द बघत बसलेला असणार." जरा थांबून तो म्हणाला, "आणि नाव बघा काय घेतलंय. मी आयुष्यभर लिफ्ट चालत्या ठेवल्या आणि हा पठ्ठ्या स्वतःला जिना म्हणवतो."

ताईने पडद्यावरचं ते टोपणनाव पुन्हा वाचलं.

"बाई, एक विचारू? तुम्ही या धंद्यात आहात म्हणून विचारतो. वाईट काम करत होता का तो?"

"मीही तेच काम करते, काका," ती म्हणाली. ते उत्तर नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. "मला जरा बघू द्या. मी सांगते तुम्हाला."

सकाळी ती लवकर गेली. सफाईवाली जमीन पुसत होती, बाकी कुणी नव्हतं. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा ताईने आपणहून अशी साइट उघडली, जिनाची. पहिल्या पानावर व्हायची ती चित्रं होतीच. तिने पदर सावरावा तशी ओढणी सारखी केली आणि खाली गेली. चित्रं संपली आणि मजकूर सुरू झाला. जिनाने निरनिराळ्या साइटची ओळख लिहिली होती. ताईने कामात इतरांचं असलं लिखाण, चित्रांशिवाय, पाहिलं होतं. सगळीकडे 'सर्वोत्तम', सगळीकडे 'फुकट'. इथे लिहिलं होतं, 'ही साइट फुकट म्हणते, पण तिसऱ्या दिवशी पैसे कापते. तारीख लक्षात ठेवा.' दुसऱ्या एका साइटबद्दल, 'इथल्या गप्पा मारणाऱ्या मुली खऱ्या नाहीत, यंत्र उत्तर देतं. एकटं वाटतंय म्हणून जात असाल तर जाऊ नका, जास्त एकटं वाटेल.'

सगळ्यात शेवटी एक पान होतं. त्याचं नाव 'बाहेर कसं पडायचं'. कुठल्या साइटचं सभासदत्व कसं रद्द करायचं, कुठलं बटण कुठे दडवलेलं असतं, बँकेला फोन करून नेमकं काय बोलायचं, हे सगळं साध्या शब्दांत लिहिलेलं. सुरुवातीला दोन ओळी होत्या. 'बँकेतली बाई तुम्हाला हसणार नाही. तिला असे दहा फोन रोज येतात. लाजू नका, बोला.'

ताईने मुद्रित तपासावं तसं ते पान वाचलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या. आलेखाचा उतार इतका हळू का होता, तेही तिला कळलं. ज्यांना नको होतं त्यांना जिनाने आधीच दारातून परत पाठवलं होतं. उरलेले जे येत, ते जाणूनबुजून येत.

दुपारी फोन आला तेव्हा ती म्हणाली, "काका, तो खोटं लिहीत नव्हता."

"म्हणजे?"

"वाचून दाखवू?"

तिने वाचायला सुरुवात केली. शाळेत धडा वाचतात तसं, विरामचिन्हं पाळून. गप्पा मारणाऱ्या यंत्राबद्दलचं वाचताना तिचा आवाज जरा खाली आला. 'बाहेर कसं पडायचं' तिने पूर्ण वाचलं. शेजारच्या पार्टिशनमधली टायपिंगची टकटक मध्येच थांबली आणि बराच वेळ थांबून राहिली.

"ते बँकेतल्या बाईचं परत वाचा," म्हातारा म्हणाला.

तिने परत वाचलं.

"असंच बोलायचा तो," म्हातारा म्हणाला. "लहानपणी त्याला इंजेक्शनची भीती वाटायची. मी सांगायचो, डॉक्टर रोज शंभर जणांना देतो, तुझ्याकडे कोण बघतंय. माझंच वाक्य आहे ते, बाई."

पुढच्या आठवड्यात टार्गेटने ताईला काचेच्या खोलीत बोलावलं. त्याच्यासमोर हेडफोन पडला होता. त्याने खुर्ची पुढे केली, पाण्याचा ग्लास पुढे केला.

"ताई, मी ते फोन ऐकले. सगळे."

"मग?"

"मग काय. खातेदार गेल्यावर खातं बंद करावं लागतं. दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आणि ते सभासदत्व रद्द करायचं पान, ते तर करारातच बसत नाही. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही देव जाणे."

"त्यांना पैसे नकोयत. फक्त ते आकड्यांचं पान बघायचं असतं रोज."

"मला माहीतेय. मी ऐकलंय ना." तो टेबलावरचं पेन उगाच सरळ करत राहिला. "माझे बाबा पण असेच फोन करतात. वायफायचा पासवर्ड विचारायला. दर वेळी तोच. पण मला वर उत्तर द्यावं लागतं, ताई. तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मीच सांगते," ताई म्हणाली.

त्या दिवशी म्हाताऱ्याने काही विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं, खातं बंद होणार. राहिलेली रक्कम वारस म्हणून त्याला मिळेल, त्याची कागदपत्रं पोस्टाने येतील. ते त्याने ऐकलंसुद्धा नाही बहुतेक.

"मग ती माणसं?" तो म्हणाला. "त्याने आणलेली?"

"ती कंपनीची होतात."

"आणलेली त्याने, आणि होणार कंपनीची."

"हो, काका."

"आज सकाळी दोघं कमी झाली होती," तो म्हणाला. "रोज उठून बघायचो. अजून इतके जण आहेत म्हणायचो. कोण कुठले ते देवाला ठाऊक, पण त्याच्या सांगण्यावरून आलेले ना. कोणीतरी अजून त्याचं ऐकतंय असं वाटायचं."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा काढावा लागला. मग तिने आजूबाजूला पाहिलं आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे माहीत असूनही म्हणाली, "काका, खातं कंपनीचं आहे. साइट त्याची स्वतःची आहे. ती कोणी बंद करू शकत नाही. रविवारी मी येऊ का तिकडे? पत्ता सांगा."

रविवारी दुपारी ती गेली. जुनी, पाच मजली इमारत. लिफ्टचं दार आवाज न करता उघडलं आणि तसंच मिटलं. म्हातारा पाचव्या मजल्यावर दाराबाहेरच उभा होता. उंच, किंचित वाकलेला, हातांच्या बोटांवर जुन्या जखमांचे पांढरे वण. "करकरत होती," तो लिफ्टकडे बघून म्हणाला. "मी केली दुरुस्त. परवानगी वगैरे नाही घेतली. घेतली असती तर दिली नसती."

एकच खोली होती. खिडकीपाशी टेबल, त्यावर संगणक. पलंग नीट आवरलेला. म्हातारा स्वतः जमिनीवर सतरंजी टाकून झोपत होता, तिची वळकटी कोपऱ्यात होती. ओट्यावर एक कप, एक ताटली, एक पातेलं. ताईसाठी चहा केला तेव्हा त्याने स्वतःचा चहा पेल्यात घेतला. कपाटाच्या उघड्या दारातून मुलाचे शर्ट दिसत होते, सगळे एकाच प्रकारच्या राखाडी रंगाचे. भिंतीवर ना फोटो, ना कॅलेंडर.

"कोणी नव्हतं त्याचं इथे?" ताईने विचारलं.

"शेजारी म्हणतात, कधी दिसलं नाही." म्हातारा पेल्यात बघत म्हणाला. "मला म्हणायचा, मित्र आहेत बरेच. मीही त्याला म्हणायचो, माझं काय, दिवसभर पत्ते खेळतो. मला पत्ते येत नाहीत."

दोघं संगणकासमोर बसले. ताईने शेजारी स्टूल ओढलं. चित्रं आधी काढली. म्हातारा दर वेळी मान वळवून खिडकीबाहेर बघायचा आणि विचारायचा, "गेलं?" ताई म्हणायची, "गेलं." मग दुवे. प्रत्येक साइटच्या नावाखाली दलालीचा एक दुवा होता, आणि आता त्यावरून जाणारा माणूस कंपनीचाच झाला असता. तो कसा निवडायचा आणि कसा पुसायचा हे ताईने दाखवलं, आणि मग माउस त्याच्याकडे दिला. त्याची बोटं जाड होती, पण चुकली नाहीत. दुवा गेला की तो वाचायचा, मागे उरलेली मुलाची वाक्यं. वाचून झाल्यावर पुढच्या दुव्याकडे जायचा. संध्याकाळची उन्हं टेबलावर येईपर्यंत साइटवर कमाईचं काही उरलं नाही. नुसता मजकूर उरला, आणि ते शेवटचं पान. ताईने जाता जाता ऱ्हस्व-दीर्घाच्या त्या तीन चुका दुरुस्त करू का विचारलं. म्हातारा म्हणाला, "राहू द्यात. शाळेपासूनच्या आहेत."

ई-मेलची पेटी त्यांनी शेवटी उघडली. 'बाहेर कसं पडायचं' या पानाखाली जिनाने आपला पत्ता दिलेला होता, आणि थंडीपासून तिथे लोकांची विचारणा येऊन पडली होती. कुणी नाव दिलेलं नव्हतं. बटण सापडत नाही. बँक ऐकत नाही. घरात कळेल का. एकाने लागोपाठ तीनदा लिहिलं होतं, आणि तिसऱ्यांदा फक्त इतकंच, 'तुम्ही नेहमी उत्तर देता, म्हणून काळजी वाटली.'

म्हाताऱ्याने ते दोनदा वाचलं. मग उठून ओट्यापाशी गेला आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागला. ताई त्याच्याकडे पाठ करून बसून राहिली.

"मला नाही जमणार उत्तरं द्यायला," तो तिकडूनच म्हणाला.

"मी देईन," ताई म्हणाली.

पंधरा दिवसांत त्याने संगणक ताईच्या घरी पोहोचवून खोली सोडली. गावी त्याची मोठी बहीण वाट बघत होती, ती रोज फोन करून रागवायची. ताई बसथांब्यावर पोहोचवायला गेली. त्याच्याजवळ एक पिशवी आणि मुलाचा एक राखाडी शर्ट होता, तो त्याने अंगातच घातला होता. बाह्या आखूड होत होत्या.

"फोन करत जाईन," तो म्हणाला.

त्याने केलाही. पहिल्यांदा तब्येत विचारून झाली, हवा विचारून झाली. पुढे विचारायला शब्द नव्हता. दुसऱ्यांदा बहिणीने मध्येच फोन घेतला आणि ताईला अगत्याने घरी यायचं निमंत्रण दिलं. त्यानंतर फोन विरळ झाले. त्यात कोणाचा दोष नव्हता.

टार्गेटने ताईला फोनवरून काढून पुन्हा लिखाणाच्या कामावर बसवलं. "तुमच्याच भल्यासाठी," तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. वरून लेखी ताकीद आली होती आणि त्याने ती ताईच्या हातात न देता खणात टाकली होती. आता तिच्या कानावर हेडफोन नव्हता. सकाळी 'गुड मॉर्निंग' आणि संध्याकाळी 'येते', एवढंच दिवसाकाठी तोंडातून निघायचं.

एकदा मुलीचा फोन आला असताना ताई म्हाताऱ्याबद्दल बोलायला लागली.

"कुठले काका, आई?"

"कामातले."

"तुम्ही नक्की कसल्या जाहिराती करता गं?"

ताईने सांगितलं. पाठ्यपुस्तकी भाषेत, न अडखळता. सांगून झाल्यावर पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"बरं," मुलगी म्हणाली. मग जरा वेळाने, "इकडे कुणाला नको सांगूस हं. सासूबाईंना तर मुळीच नको."

"नाही सांगत."

"तुला बरं वाटतंय ना तिथे?"

"वाटतंय की."

मग मुलगी नातवाच्या खोकल्याबद्दल सांगू लागली, आणि ताईने आलं-मधाचं सांगितलं.

रविवारी दुपारी जेवण झालं की ताई आता संगणक उघडून बसते. जिनाची पेटी उघडते, आलेलं वाचते, आणि एकेकाला उत्तर लिहिते. बटण उजवीकडे खाली, बारीक अक्षरात आहे. बँकेला ही दोन वाक्यं सांगा. घरात कळणार नाही. बहुतेक जण काम झालं की पुन्हा लिहीत नाहीत, आणि तेच बरोबर आहे असं तिला वाटतं.

ज्याने तीनदा लिहिलं होतं, त्याला तिने सगळ्यात आधी उत्तर दिलं होतं. त्याचं काम लगेच झालं. मग त्याने विचारलं, 'तुम्ही तेच का? लिहिण्याची पद्धत वेगळी वाटते.'

तिने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. हे पान ज्यांनी लिहिलं ते थंडीत वारले. मी त्यांच्या ओळखीची. मी रविवारी दुपारी असते, काही लागलं तर लिहा.

त्या रविवारी उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी पेटीत दोन नव्या विचारणा होत्या, दोन्ही दुसऱ्याच कुणाच्या. ताईने चष्मा पुसला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि पहिली वाचायला घेतली.